ओव्याचं तेल : चमचाभर तेलाला एक थेंब

ओव्याच्या तेलाची बाटली घेणारा माणूस ती ओव्याच्या भरवशावर घेतो. पोट गुबारलं की चिमूटभर ओवा आणि सैंधव चावून खाल्लेलं असतं, बाळंतिणीला जेवणानंतर ओवा आणि बाळंतशोपा दिलेला पाहिलेला असतो, भज्यांच्या पिठात तो तळहातावर चुरडून टाकलेला असतो. इतक्या घरच्या वस्तूचं तेल काय वाकडं करणार, असा साधा हिशेब. अरोमाथेरपीच्या दुकानांत लॅव्हेंडर आणि निलगिरीच्या रांगेत हल्ली ही बाटलीही उभी असते आणि तीही त्यांच्यासारखीच वापरायची असं गिऱ्हाइकाला वाटतं. तशी वापरली तर कातडी भाजते. नीट वापरली तर पावसाळ्यात कोंदटलेली खोली, चोंदलेलं नाक आणि आखडलेली पाठ या तीन ठिकाणी ती चांगली कामाला येते. याहून मोठी आश्वासनं कुणी दिली तर ऐकून सोडून द्यावीत.

आधी मोजमाप पाहू. ओव्यात उडून जाणाऱ्या तेलाचं प्रमाण साधारण 2 ते 4 टक्के असतं. शंभर किलो ओवा भट्टीत घालून त्यातून वाफ काढली तर हाती दोन ते चार किलो तेल लागतं. म्हणजे 10 मिलीच्या चिमुकल्या बाटलीमागे पाव किलोहून जास्त ओवा असतो. एका थेंबात जवळपास पाऊण चमचा ओव्याचं तेल उतरलेलं असतं. चमचाभर ओवा एकदम तोंडात टाकून चावलात तर जीभ बधिर होते, हे कुणीही करून पाहू शकतं. आणि तिथे निदान चोथा, लाळ आणि चावायला लागणारा वेळ मध्ये असतो. थेंबात यांतलं काहीच मध्ये नसतं.

जीभ बधिर करणारं द्रव्य म्हणजे थायमॉल. ओव्याच्या तेलात ते बहुधा 35 ते 60 टक्के असतं, उरलेल्यात मुख्यतः पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन. थायमॉल फिनॉल जातीचं आहे. फिनॉलं जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतात, म्हणून ती जंतुनाशक. पण आपल्या ओल्या, नाजूक त्वचेलाही ती सोडत नाहीत. लिस्टरीन या माउथवॉशमध्ये थायमॉल असतं ते 0.064 टक्के. तेवढ्यानेच तोंड किती झोंबतं हे ज्याने चूळ भरली त्याला ठाऊक आहे. तुमच्या बाटलीत ते याच्या पाचशे ते हजार पट आहे.

थायमॉलची ही ताकद जगाला जुनी ओळखीची. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजांतून जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत 1909 पासून रॉकफेलर सॅनिटरी कमिशनने अंकुशकृमींविरुद्ध मोहीम उघडली, तिचं मुख्य औषध थायमॉलच होतं. वरून जुलाबासाठी मॅग्नेशियम सल्फेट. त्या दिवशी रोग्याने दारू किंवा तेलातुपाचं काही खायचं नाही अशी सक्त ताकीद असे. कारण थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरमागे ग्रॅमभर. चरबीत आणि मद्यात मात्र चटकन, आणि मग ते आतड्यातल्या जंतापाशी न थांबता रक्तात शिरतं. ही हकिगत इथे अशासाठी की ‘तुपात एक थेंब घालून घ्या’ किंवा ‘कोमट पाण्यात दोन थेंब टाकून प्या’ असे सल्ले मोबाइलवर फिरत असतात. पहिला सल्ला नेमका वर सांगितलेल्या ताकिदीच्या उलट आहे. दुसऱ्यात थेंब पाण्यावर तरंगतो आणि जसाच्या तसा घशाला चिकटतो. पोटासाठी ओवा खा, ओव्याचा अर्क प्या. तो अर्क म्हणजे तेलाचा अंश उतरलेलं पाणी असतं. बाटलीतलं तेल पोटात घेण्यासाठी नाही.

आता खरेदी. दुकानात ‘ओवा तेल’ या एका नावाखाली निदान तीन वस्तू मिळतात. एक, तिळाच्या किंवा खोबरेल तेलात ओवा उकळून केलेलं मालिशचं तेल. हे सौम्य असतं आणि ते सरळ अंगाला लावता येतं. दोन, वाफेने काढलेलं शुद्ध उडनशील तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल. तीन, ज्यातून थायमॉल आधीच काढून विकलं गेलं आहे असं उरलेलं तेल. साबणाच्या सुगंधासाठी हे पूर्वीपासून वापरलं जातं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात वासावरून फरक करणं सवय नसलेल्याला कठीण. म्हणून लेबलावर वनस्पतीचं नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी असं आहे का, बॅच क्रमांक आहे का आणि मागितल्यावर विक्रेता गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल दाखवतो का ते पाहा. अहवालात थायमॉलचा आकडा शोधा, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. पहिलं आणि दुसरं ओळखायला मात्र कागद पुरतो: कोऱ्या कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहा. भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल आहे.

नावांचे आणखी दोन घोळ आहेत. कुंडीत लावतो त्या जाडसर, लुसलुशीत पानांच्या ‘ओव्या’ची भजी उत्तम होतात, पण ते झाड तुळशीच्या कुळातलं, वेगळंच आहे. वास मिळताजुळता असल्याने नाव मिळालं. हा घोळ निरुपद्रवी. दुसरा तसा नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा ‘खुरासानी ओवा’ हा धोतऱ्याच्या कुळातला आणि विषारी आहे. त्याच्याशी घरगुती प्रयोग करू नयेत. तेल तर दूरच.

आणि हो, ओव्याचं फूल. पांढरे, मिठाच्या खड्यांसारखे स्फटिक, तेच थायमॉल. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल हे तीन कोरडे पदार्थ कोरड्या काचेच्या बाटलीत एकत्र घालून बूच लावलं की कडा आधी ओलसर दिसू लागतात, मग खडे एकमेकांत खचतात आणि थोड्याच वेळात बाटलीत फक्त पातळ, स्वच्छ द्रव उरतो. पाण्याचा टिपूसही न घालता. घरोघरची अमृतधारा ती हीच. या नावाचा धंदा इतका चालला की ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांचा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1962 मध्ये निकाल लागला. अमृतधारा घरात असेल तर ती ओव्याच्या तेलाहून सौम्य आहे असं समजू नका. तिच्यात कापूरही आहे आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. दोन्ही बाटल्या मुलांच्या हाताला न लागतील अशाच जागी.

अंगाला लावण्याचा नियम मी शीर्षकातच दिला आहे. चहाचा चमचा 5 मिलीचा, थेंब साधारण 0.05 मिलीचा, चमचाभर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात एक थेंब म्हणजे 1 टक्का. ही वरची मर्यादा समजा. वय झालेल्यांना, नाजूक त्वचेच्या लोकांना याच्या निम्मं, म्हणजे दोन चमच्यांना एक थेंब. लॅव्हेंडरला दोन-तीन टक्के चालतात म्हणून इथे चालत नाहीत. पहिल्यांदा लावताना हे पातळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावा आणि दिवसभर थांबा. लाली, खाज, फोड काही नाही ना, मग पाठ.

थंडीत जाड होत असल्याने खोबरेल मला इथे फारसं आवडत नाही. तिळाचं तेल बरं. कंबर, पोटऱ्या, खांदे यांवर दहा मिनिटं चोळलं की ऊब जाणवते. ती खरी उष्णता नसते. थायमॉल त्वचेतल्या ऊब ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि त्यांच्याकडून मेंदूला तसा निरोप जातो. आखडलेल्या स्नायूला यातून आराम वाटतो; त्यातला अर्धा वाटा चोळणाऱ्या हाताचा असतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ही गोष्ट लक्षात घेतली की दोन पथ्यं आपोआप कळतात. मालिश झाल्यावर त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने तेल जास्त आत शिरतं आणि ऊब तेलाची की पिशवीची हे कळेपर्यंत त्वचा लाल झालेली असते. आणि ज्यांना मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्या पावलांना हे तेल लावू नये. इशारा देणाऱ्या नसाच तिथे झोपलेल्या असतात. ‘आजोबांच्या पायांना रोज ओव्याचं तेल’ हा प्रेमळ उपक्रम अनेक घरांत असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. गुडघ्याला आधीच बाम लावला असेल तर तो धुऊन टाकल्याशिवाय वर हे नको.

चेहरा, मान, काख, जांघा, नुकतं दाढी केलेलं किंवा वॅक्स केलेलं अंग, खरचटलेली जागा, गजकर्ण खाजवून सोललेली जागा: कुठेच नाही. गजकर्णाचं खास सांगतो, कारण थायमॉल बुरशी मारतं हे वाचून लोक तिथेच थेट थेंब चोळतात. प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मरते ती ज्या प्रमाणात, त्या प्रमाणात कातडीही टिकत नाही. मग गजकर्ण बाजूला राहतं आणि भाजल्याचा इलाज सुरू होतो.

अंघोळीच्या बादलीत थेंब टाकण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आला आहे. तिथे टब, इथे बादली, पण तेल दोन्हीकडे तरंगतंच. वरचा पहिला तांब्या घेतला की थेंब त्या तांब्यात येतात आणि अंगावरून ओघळत नेमके जिथे जायला नकोत तिथे जातात. अंघोळीनंतर पुसलेल्या अंगाला पातळ केलेलं तेल लावा. बादली सोडून द्या.

आता वास घेण्याबद्दल. खरं तर अरोमाथेरपीत या तेलाची सगळ्यात सुरक्षित जागा हीच, आणि तीही मोकळ्या हवेत. डिफ्युझरमध्ये 100 मिली पाण्याला दोन थेंब, खिडकी फटीएवढी उघडी, वीस ते तीस मिनिटं, मग बंद. आपलं नाक कुठल्याही वासाला थोड्या वेळात सरावतं आणि तो येईनासा होतो. तेव्हा ‘उडून गेलं वाटतं’ म्हणून आणखी थेंब घालणारे पुष्कळ. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, तो डोळे चोळत सांगेल.

ओव्याचा वास काही मन निवांत करणारा नव्हे. तिखट, औषधी, सरळ टाळूला जाणारा. झोपायच्या खोलीत तो लावू नये; संध्याकाळी मासे तळून झाल्यावर स्वयंपाकघरात किंवा आषाढातल्या कोंदट दुपारी बाहेरच्या खोलीत लावावा. एकटा आवडत नसेल तर एका थेंबाला लिंबाच्या तेलाचे दोन थेंब ही जोडी जमते. लॅव्हेंडरबरोबर मात्र हा मुळीच बसत नाही, निदान माझ्या नाकाला. डिफ्युझरची टाकी स्वस्त प्लास्टिकची असेल तर या तेलाने ती चिकट आणि धुरकट होते, तेव्हा प्रत्येक वेळी पुसून ठेवा. डिफ्युझर नसेल तर अडत नाही. वाटीभर गरम पाण्यात थेंब टाकून ती उंच फळीवर ठेवली तरी खोलीपुरतं काम होतं. देवघरातल्या समईपासून बाटली आणि वाटी दोन्ही लांब, कारण हे तेल पेट घेतं.

सर्दीत वाफारा घ्यायचा तर पाणी गॅसवरून उतरवून जमिनीवर स्थिर ठेवा, दोन मिनिटं थांबा, एकच थेंब टाका, डोळे मिटूनच टॉवेल घ्या. डोळे उघडले तर पाणी येईल आणि झटका बसून भांडं कलंडेल. भाजण्याचे प्रकार तिथेच होतात. पाच मिनिटं पुरे. नाक मोकळं झाल्यासारखं वाटेल. सर्दी तिच्या वेळेनेच जाते. ज्यांना दमा आहे त्यांनी हा वाफारा घेऊ नये, आणि घरात दमेकरी असेल तर डिफ्युझरही तो बाहेर गेल्यावर. तीव्र वासाने श्वासनलिका आवळते, मग तो वास कितीही नैसर्गिक असो.

वाफाऱ्यापेक्षा जुनी युक्ती मला अजूनही सरस वाटते: चमचाभर ओवा तव्यावर भाजायचा, पातळ रुमालात पुरचुंडी बांधायची आणि चुरगाळून हुंगायची. तिच्यातून तेल थोडं थोडं सुटतं, झोंबायला लागलं की हात आपसूक मागे येतो. ही सोय बाटलीत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ओव्याचं इसेन्शियल ऑइल नको, ना छातीला, ना उशीला, ना वाफाऱ्यात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कुठलंही उग्र तेल नेलं तर त्याचा श्वास अडखळू शकतो. बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यांवर ओवा, शोपा, वावडिंग टाकून धुरी देण्याची रीत आहे; वासाचं सुख आजीला मिळतं, पण धूर बाळाच्या इवल्या फुप्फुसांत जातो आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. आजीशी वाद घालणं अवघड, हे मान्य. पुरचुंडीने शेकू द्या, मात्र आधी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा आणि बाळाच्या उघड्या अंगाला लागू देऊ नका. धुरीला निक्षून नाही म्हणा आणि डॉक्टरांचं नाव पुढे करा. त्यांची हरकत नसते.

गर्भारपणात हे तेल वापरू नये. बाळंतिणीला ओवा देतात म्हणून तेलही चालेल, हा तोच सुरुवातीचा हिशेब. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर अंगभर मालिश टाळा. ओव्याच्या तेलाने रक्तबिंबिका एकत्र यायला अडथळा होतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

घरात मांजर असेल तर डिफ्युझरचा विचार सोडलेला बरा. मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणं नीट जमत नाही, आणि केसांवर बसलेला तुषार ते चाटूनच साफ करतं. पिंजऱ्यातल्या पोपटालाही त्रास होतो.

बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, कपाटात उभी. महाबळेश्वरच्या किंवा नाशिकच्या थंडीत, किंवा फ्रिजमध्ये ठेवली तर, तळाशी पांढरे स्फटिक दिसू शकतात. तेल खराब झालेलं नसतं, थायमॉल वेगळं झालेलं असतं. अशा वेळी वरवरचं तेल काढून वापरत राहिलात तर पहिले थेंब फिके लागतील आणि बाटलीच्या शेवटाला मिळेल जवळजवळ नुसतं थायमॉल. बाटली बंद ठेवून कोमट पाण्याच्या पेल्यात उभी करा, स्फटिक विरघळले की हलक्या हाताने उलटसुलट करा, मग थेंब मोजा. उघडून वर्ष-दीड वर्ष झालेलं तेल अंगाला लावू नका, हवा लागून त्याची आग वाढते. ते कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घालून चपलांच्या कपाटात ठेवा; पावसाळ्यात चामड्यावर येणाऱ्या बुरशीविरुद्ध हा उपाय चांगला आहे. जुन्या दप्तरखान्यांत कागदपत्रांची बुरशी मारायला बंद कपाटात विजेच्या दिव्यावर थायमॉल तापवत, तोच हा प्रकार, छोट्या मापाचा.

तेल चुकून त्वचेवर सांडलं तर आधी साधं गोडंतेल लावून ते पुसून काढा, मग साबण आणि भरपूर पाणी. नुसतं पाणी ओतलं तर ते पसरतं. डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. मुलाने प्यायलं असेल तर बोटं घालून उलटी काढू नका, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरलं तर दुखणं दुप्पट होतं. दूध किंवा तूप पाजू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ रुग्णालयात न्या, आणि बाटली बरोबर घ्या. लेबल आणि बाटलीत किती उरलं आहे हे दोन्ही पाहून डॉक्टरांना पोटात किती गेलं याचा अंदाज बांधता येतो.